ब्रेंडलसाहेब काय म्हणत होते

गिझेलाचं विमान साडेअकराला उतरणार होतं आणि पावणेदहाला ब्रेंडलसाहेब घरात नव्हते.

मनोरमाबाईंच्या लक्षात हे आलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या. मिरा रोडला हाटकेशमधल्या त्यांच्या सोसायटीत दोन दिवसांनी टँकर आला होता, त्यामुळे सगळ्या मजल्यांवरची बायकामाणसं खाली लोटली होती. त्या खाली, सून उर्मिला खाली, मुलगी रसिका न्हाणीघरात. दार कोणी ओढून घेतलं नव्हतं. त्या वर आल्या तर बाल्कनीतली खुर्ची रिकामी, चहा कपात अर्धा, आणि दाराशी साहेबांच्या चपला नाहीत.

"नसतील लांब गेले, आई," उर्मिला म्हणाली. पण म्हणतानाच तिने हातातली बादली खाली ठेवली आणि ती जिना उतरायला लागली.

वॉचमनने सांगितलं ते आणखी वाईट होतं. "अंकल तो रिक्शा में बैठ गये, माँजी. मैंने सलाम भी किया."

"किधर गये? क्या बोले?"

"अंकल अपनी भाषा में कुछ बोले. रिक्शावाले ने मुंडी हिलायी और चला गया."

मनोरमाबाई उन्हात फाटकापर्यंत जाऊन दोन्ही बाजूंचा रस्ता बघून आल्या. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, खिशात ना पत्ता ना फोन नंबर, आणि तोंडात अशी भाषा की मिरा रोडपासून भाईंदरपर्यंत ती कळणारं एक माणूस सापडायचं नाही.

एके काळी साहेबांना तीन भाषा यायच्या. त्यांची जर्मन, पुस्तकाच्या धंद्यातली सफाईदार इंग्रजी, आणि भाईंदरला येऊन येऊन शिकलेली मोडकीतोडकी मराठी, तीही गोडदेवच्या आगरी वळणाची. 'बरा हाय', 'पानी न्हाय' असं ते बोलले की मनोरमाबाईंचे यजमान हरिश्चंद्र पोट धरून हसायचे. साहेब दरवर्षी डिसेंबरात महिनाभर यायचे. गेल्या जूनमध्ये, बायको वारल्यावर, अवेळी आले आणि परत गेलेच नाहीत. पावसाळ्यात मराठी गेली. गणपतीनंतर इंग्रजीतले शब्द निसटू लागले. दिवाळीच्या दिवशी त्यांनी करंजी हातात घेऊन मनोरमाबाईंना कितीतरी वेळ काहीतरी समजावून सांगितलं, सगळं जर्मनमध्ये, आणि त्यांना काही कळत नाही हे पाहून रडवेले झाले. त्यानंतर दुसरी भाषा त्यांच्या तोंडून आलीच नाही.

संध्याकाळ व्हायला लागली की ते बाल्कनीत उभे राहत आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत. त्याचा शेवट 'हाय' असा ऐकू येई. साहेबांच्या मनाच्या तळाशी तेवढी गोडदेवची बोली उरली आहे, असं वाटून मनोरमाबाईंना बरं वाटायचं. "हाय ना, साहेब. सगळं ठीक हाय," त्या म्हणत, आणि पाठीवरून हात फिरवत. साहेब त्यांच्याकडे बघत राहत. मग खुर्चीत बसत.

गिझेलाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ती तिकडे फ्रायबुर्गमध्ये वडिलांची प्रकाशनसंस्था सांभाळत होती. दर रविवारी फोन करी. फोनवर साहेब पाच मिनिटं छान बोलत, हसतसुद्धा. "पापा थकल्यासारखे वाटतात, सगळं ठीक आहे ना?" असा तिचा ईमेल आला की मनोरमाबाई सांगत आणि रसिका टाइप करी. प्रकृती उत्तम आहे. रोज फिरायला जातात. शाळेत वाचनाच्या तासाला बसतात. सुरुवातीला हे खरं होतं. पुढे खरं राहिलं नाही, तरी मजकूर तोच राहिला.

*

साडेदहाला पंढरीनाथ पेणकरपाड्याहून स्कूटरवर आले. हरिश्चंद्रांचे हे धाकटे भाऊ. थोरला गेल्यापासून शाळेची सरकारदरबारची धावपळ तेच करत. आल्याआल्या त्यांनी पंखा मोठा केला.

"चौकीत जाऊन आलात?"

"आत्ताच आलो," रसिका म्हणाली. तिचे केस अजून ओले होते. "हवालदाराने फोटो मागितला. मग विचारलं, कुठली भाषा बोलतात. म्हटलं, जर्मन. म्हणाला, आणखी? म्हटलं, आणखी आता कुठलीच नाही. त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसला."

"अभिनव कुठे आहे?" त्यांनी उर्मिलाच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"विमानतळावर. गिझेलाला आणायला गेलाय."

पंढरीनाथांनी घड्याळाकडे पाहिलं. मग मनोरमाबाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, अभिनवला फोन करा. म्हणावं, तिला आधी हॉटेलवर ने. दमली असेल, संध्याकाळी घरी आण. तोवर साहेब सापडतील, दाढीबिढी करून बसवू. तिला यातलं काही सांगायचं नाही."

"आणि ती त्यांच्याशी बोलायला बसली की?"

"फोनवर बोलतात की नीट. निभावून नेऊ." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्हाला कळत नाहीये. साहेब इथे आहेत तोवर शाळेकडे तिकडच्या देणगीदारांचं लक्ष आहे. ते गेले की दोन वर्षांत विसरतील. सत्तावीस वर्षं दादाने आणि तुम्ही रक्त आटवलंय त्या शाळेसाठी."

हे खोटं नव्हतं. मनोरमाबाईंच्या डोळ्यांसमोर एकोणऐंशी सालचा तो रविवार उभा राहिला. हरिश्चंद्र तेव्हा भायखळ्याच्या एका छापखान्यात मशीनवर होते. मुलांची चित्रांची पुस्तकं स्वस्तात छापून मिळतात का ते बघायला आलेल्या या उंच गोऱ्या माणसाला ते थेट गोडदेवला, भाड्याच्या दोन खोल्यांत, जेवायला घेऊन आले होते. जेवणानंतर दोघं मिठागरांकडे फिरायला गेले. तिथे टोपल्या वाहणाऱ्या बायकांच्या मागून फिरणारी एक आठ वर्षांची मुलगी साहेबांच्या पिशवीतलं पुस्तक बघत बसली. चित्रावर बोट फिरवून झाल्यावर तिने अक्षरांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, या मुंग्या कसल्या? हरिश्चंद्रांनी इंग्रजीत सांगितलं. साहेब हसले नाहीत. आपल्या शर्टाच्या बाहीने चष्मा पुसत राहिले. पुढच्या वर्षी गोडदेवच्या एका खोलीत मिठागरांवरच्या अकरा मुलांची आगरशाळा सुरू झाली, आणि शाळा सांभाळायला मनोरमाबाईंनी आपली पालिकेची मास्तरकी सोडली.

"काका," उर्मिला स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "माणूस हरवलंय. शाळा नाही हरवलेली."

पंढरीनाथांनी चमकून बघितलं. मनोरमाबाईंनीही. साहेबांचं सगळं करावं लागतं म्हणून उर्मिला मनातून वैतागलेली असणार, असं त्या इतके दिवस धरून चालल्या होत्या. दाढी उर्मिला करायची. रात्रीच्या ओल्या चादरी तीच धुवायची. कधी बोलली नव्हती, आणि मनोरमाबाईंनी ते न बोलणं रागाचं आहे असंच मानलं होतं.

"तू यात पडू नकोस," पंढरीनाथ म्हणाले.

"मी आठ महिने यातच आहे, काका."

तेवढ्यात फोन वाजला. सगळे एकदम उठले. फोन उर्मिलाच्या हाताजवळ होता. तिने घेतला आणि ऐकून घेतलं. "वेळेवर आहे ना विमान? बरं. हे बघ अभिनव, नीट ऐक. साहेब सकाळपासून सापडत नाहीयेत... नाही, खरंच. रिक्षात बसून गेले. तू गिझेलाताईंना सांग... हो, उतरल्याउतरल्या सांग. त्यांचे वडील आहेत ते."

तिने फोन ठेवला. पंढरीनाथ म्हणाले, "छान केलंस," आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. रसिका भिंतीला टेकून खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता. "आई, ती मेल्सबद्दल विचारणार. मी काय सांगू?"

मनोरमाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते आहे, साहेब सापडणार नाहीत याची की सापडतील आणि गिझेला त्यांना बघेल याची, हे त्यांचं त्यांनाच कळेना. त्या विचाराची त्यांना शरम वाटली. त्या देवापाशी गेल्या, पण हात न जोडताच परत आल्या.

एक वाजायला आला. उर्मिला दोनदा स्टेशनपर्यंत जाऊन आली. पंढरीनाथ हायवेपर्यंत. मग पुन्हा फोन वाजला, आणि पलीकडून सुगंधाचा आवाज आला.

"बाई, साहेब माझे घरा हाय. घाबरू नको. रिक्षावाला देवलाजवल सोडून गेला. उन्हात उभा होता बिचारा, ये-जा करनाऱ्याला काहीतरी विचारत होता. जेवाला बसवलाय."

सुगंधा म्हणजे मुंग्या कसल्या विचारणारी ती मुलगी. आता छत्तीस वर्षांची, गोडदेवच्या अंगणवाडीची सेविका.

मनोरमाबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. उर्मिलाने त्यांच्या हातून फोन घेतला, सुगंधाचे आभार मानले आणि लगेच अभिनवला लावला. "घरी येऊ नका. सरळ गोडदेवला या."

*

सुगंधाचं घर दोन इमारतींच्या मध्ये चेपून उभं होतं. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत साहेब बसले होते. मांडीवर ताट, ताटात भात आणि सुकटाचं कालवण. चष्मा कुठेतरी पडला होता. पायजम्याचा गुडघा मातीने माखला होता. मनोरमाबाईंना बघून त्यांनी ओळखीचं हसू केलं आणि ते पुन्हा जेवू लागले. रसिकाने त्यांचा गुडघा चाचपून पाहिला. लागलं नव्हतं.

"केवडा भुकेजला होता," सुगंधा म्हणाली. "मी बोलते, तो बोलतो. त्याचा मला कलत न्हाय, माझा त्याला कलत न्हाय. पन जेवला."

दहा मिनिटांत अभिनवची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. गिझेला धावत आली. पन्नाशीची, आखूड पांढऱ्या केसांची, वडिलांसारखीच उंच. विमानातल्या कपड्यांतच होती. ओटीच्या पायरीशी ती थबकली, मग खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "पापा."

साहेबांनी ताटावरून मान वर केली. बराच वेळ तिचा चेहरा न्याहाळला. मग त्यांनी तेच वाक्य म्हटलं, रोज संध्याकाळचं, 'हाय'वर संपणारं.

गिझेलाचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता तो तसाच राहिला. तिने हळूच काहीतरी उत्तर दिलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा उत्तर दिलं. आणि मग साहेब बोलायला लागले. भराभर, हात हलवत, मध्येच रागावून, मध्येच आवाज खाली आणून. गिझेला मान हलवत होती, एखादा शब्द बोलत होती. मनोरमाबाई बघत होत्या. साहेबांचे ताठ, वर ओढलेले खांदे हळूहळू खाली आले. ते खांदे इतके दिवस वर ओढलेले होते हेच त्यांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" रसिकाने इंग्रजीत विचारलं.

गिझेलाने वळून न बघता सांगितलं. रसिकाने ते लगेच मराठीत सांगितलं नाही. मनोरमाबाईंनी तिच्या दंडाला हात लावला तेव्हा म्हणाली, "विचारतायत, आपण घरी कधी जायचं?"

"म्हणजे?"

"आई, ते रोजचं वाक्य. हाय नाही गं ते. हाइम. हाइम म्हणजे घर."

सुगंधाने साहेबांच्या मांडीवरचं ताट उचललं. मनोरमाबाई भिंतीचा आधार घेत खाली बसल्या. कित्येक महिने, रोज संध्याकाळी, हा माणूस त्यांना विचारत होता की मला घरी कधी नेणार, आणि त्या म्हणत होत्या, हाय ना, सगळं ठीक हाय.

गिझेला उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "हे कधीपासून आहे?" तिने रसिकाला विचारलं. "तू मला लिहिलंस ते रोज फिरायला जातात. वाचनाच्या तासाला बसतात. तू लिहिलंस ना?"

रसिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आईकडे बघितलंही नाही. पंढरीनाथ मागून स्कूटर लावून आले होते, ते घाईने पुढे झाले. "मॅडम, तसं नाही, वयोमानाने थोडं..."

"भाऊजी, तुम्ही थांबा," मनोरमाबाई म्हणाल्या. मग आपल्या जुन्या, शाळामास्तरणीच्या इंग्रजीत, एकेक शब्द शोधत त्या गिझेलाशी बोलल्या. "मी सांगितलं. हिने फक्त टाइप केलं. हिला बोलू नकोस. जूनमध्ये त्यांना समजत होतं, तेव्हा त्यांनी माझा हात धरून सांगितलं, गिझेलाला लिहू नकोस, ती मला म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवेल. मी शब्द दिला."

त्या थांबल्या. एवढ्यावर थांबता आलं असतं. पंढरीनाथांनी सुटकेचा श्वास सोडलेला त्यांनी ऐकला.

"पण तेवढंच नाही," त्या मराठीत म्हणाल्या. "रसिका, हे तू सांग तिला. मला इंग्रजीत येणार नाही. सांग, की हे गेल्यापासून घरात माझ्या वेळचं कोणी उरलं नव्हतं. मुलं चांगली आहेत. पण एकोणऐंशी सालचं कोणी नव्हतं. साहेब खुर्चीत बसलेले असले की वाटायचं, हे आत्ता छापखान्यातून येतील. म्हणून मी त्यांना धरून ठेवलं. त्यांच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

रसिकाने सांगितलं. तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं. अभिनव आईकडे अशा नजरेने बघत होता जणू तिला पहिल्यांदाच बघतोय.

साहेब गिझेलाचा हात धरून बसले होते. मग ती पायरीवर बसली आणि बोलू लागली. रसिका तिच्या मागोमाग मराठीत सांगत गेली.

"आई गेली त्याच्या आधीपासून ते असं विचारायचे. आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून. चाळीस वर्षं ज्या घरात राहिले, त्याच घरात उभे राहून, घरी कधी जायचं. मला वाटलं, आईच्या आजारपणाने झालंय. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. इथे येतो म्हणाले तेव्हा मी अडवलं नाही. मला हलकं वाटलं." तिने डोळे पुसले. "तुमच्या मेल्स वाचून मला बरं वाटायचं. मी खोदून विचारलं नाही."

"मग कुठलं घर?" अभिनवने विचारलं. "फ्रायबुर्गचं नाही, इथलं नाही."

गिझेलाने सांगितलं. ओडर नदीच्या काठचं एक गाव. ते गाव आता जर्मनीत नाही, त्याचं नावसुद्धा बदललं. पंचेचाळीसच्या जानेवारीत, लढाई दाराशी आली तेव्हा, तेरा वर्षांचे साहेब, त्यांची आई आणि लहान बहीण बर्फातून चालत निघाले. आठवड्याभरात परत येऊ, असं आई म्हणाली होती. बहीण वाटेत गेली. तिला कुठे ठेवली तेही पुढे सापडलं नाही. साहेबांनी हे घरात फक्त एकदाच सांगितलं होतं. फ्रायबुर्गला पोचल्यावर एका छापखान्यात झाडू मारायला लागले, तिथेच टाइप जुळवायला शिकले, आणि सत्ताविसाव्या वर्षी मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायला लागले. पहिलं पुस्तक काढलं ते बहिणीच्या वयाच्या मुलांसाठी.

"आत्ता मला सांगत होते," गिझेला म्हणाली, "की दूध आणायला गेलेली आई अजून आली नाही, आणि इथल्या बायका दयाळू आहेत पण त्यांना रस्ता माहीत नाही."

सुगंधा पदराने तोंड दाबून आत गेली.

पंढरीनाथांनी घसा साफ केला. "मग वहिनी, असं बघा. जे घर ते मागतायत ते कुठेच नाही. इकडे राहिले काय, तिकडे राहिले काय, सारखंच. मग इथेच राहू देत. इथे माणसं आहेत."

अभिनवने मान डोलावली. रसिकानेही. उर्मिला खांबाला टेकून उभी होती. मनोरमाबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

सासूने असं कधी विचारलं नव्हतं. उर्मिला थोडी गोंधळली. "मला ते गेलेले आवडणार नाही, आई," ती म्हणाली. "सवय झालीय. पण दाढी करताना ते माझ्याशी बोलतात, आणि मी नुसती हसते. मला फार वाईट वाटतं तेव्हा."

मनोरमाबाई उठल्या. साहेबांच्या सदऱ्यावर सांडलेली भाताची शितं त्यांनी एकेक करून वेचली.

"सारखं नाही भाऊजी," त्या म्हणाल्या. "घर नसेल कुठेच. पण विचारलेलं कळणारं माणूस तरी जवळ हवं. घेऊन जा त्यांना, गिझेला. संस्थेत ठेवायचं तर ठेव, पण रोज जाऊन त्यांच्याशी बोल. रोज."

"घरीच ठेवीन," गिझेला म्हणाली.

"ठेवता येईल तोवर ठेव. मी शब्द दिला आणि काय झालं ते बघतेयस. तू नको देऊ."

*

कागदपत्रं, डॉक्टर, तिकीट यांत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत गिझेला बापाशेजारी जमिनीवर गादी टाकून झोपली, उर्मिलाकडून दाढी कशी करायची ते शिकली, आणि एक सकाळ आगरशाळेत जाऊन मागच्या बाकावर बसून आली. पंढरीनाथ त्या दिवसापासून घरी आले नव्हते. निघायच्या सकाळी मात्र आले, स्वतः बॅगा गाडीत ठेवल्या, आणि मनोरमाबाईंशी न बोलता साहेबांच्या पाया पडले.

साहेब गाडीत बसेनात. दार धरून उभे राहिले. गिझेलाने समजावलं, अभिनवने समजावलं. शेवटी मनोरमाबाई घरातल्या साडीतच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, तेव्हा तेही मुकाट्याने मागे बसले. वाटेभर बापलेक बोलत होते. एकदा साहेब मोठ्याने हसले. कशाला ते मनोरमाबाईंनी विचारलं नाही.

विमानतळाच्या दाराशी शिपायाने तिकीट मागितलं. तिथून पुढे त्यांना जाता येणार नव्हतं. गिझेलाने त्यांना घट्ट मिठी मारली. साहेबांनी हात पुढे केला, आणि एखाद्या नव्याने ओळख झालेल्या बाईंचा निरोप घ्यावा तसा, किंचित वाकून, अदबीने हलवला. मग मुलीचा दंड धरून आत गेले. काचेतून दोन उंच पाठी दिसत राहिल्या. साहेब चालताचालता काहीतरी सांगत होते आणि गिझेला ऐकायला मान कलती करत होती. पुढे गर्दी आली.

अभिनव आईच्या बाजूला उभा होता. ती रडेल म्हणून त्याने खिशातला रुमाल काढून ठेवला होता.

"वळून बघितलं का रे त्यांनी?" त्यांनी विचारलं. "मला लांबचं नीट दिसत नाही."

अभिनवला 'हो' असं खोटं सांगावंसं वाटलं. "नाही, आई."

"बरं झालं," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि त्या गाडीच्या दिशेने चालायला लागल्या. "मला घरी नको सोडूस. शाळेत सोड. आज मिठागरांवरची नवी मुलं यायचीयत."